बाविस्कर सरांनी केलेला शब्द

बाविस्कर सर फळा डस्टरनं पुसत नसत. डस्टर होतं, जुन्या सतरंजीच्या तुकड्याचं मीच शिवून दिलं होतं. पण शिकवण्याच्या भरात त्यांचा उजवा तळहातच फळ्यावरून फिरायचा आणि मग तोच हात पँटला मागे पुसला जायचा. संध्याकाळी क्लास सुटून ते जिना उतरू लागले की पाठीमागे खडूचा पांढरा पंजा उमटलेला दिसायचा. गल्लीतली पोरं हसायची. सरांना ते माहीत होतं. "हसू द्या, वहिनी," ते म्हणायचे. "इंग्रजीच्या मास्तरला हसता येतंय म्हणजे इंग्रजीची भीती कमी झाली."

सुरतेत गोडादऱ्याला आमचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक. मिस्टर लूमच्या कारखान्यात होते आणि मी घरी बसून साड्यांना फॉल लावायची. प्लेगच्या वर्षी आमची अर्धी वस्ती गावाकडे पळाली होती. ती हळूहळू परत आली, तेव्हा लोकांच्या डोक्यात एक नवीनच गोष्ट बसली होती: आपली पोरं लूमवर नकोत, त्यांना इंग्रजी यायला पाहिजे. त्याच सुमाराला बाविस्कर सर वरची खोली बघायला आले. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये ते डिस्पॅचला होते. पार्सलांवर व्यापाऱ्यांची आणि गावांची नावं रंगवायची, हे त्यांचं काम. बायको आणि दोन मुलं चोपड्याकडे गावी, आईवडिलांपाशी. इथे एकटेच राहायचे, खानावळीचा डबा खायचे. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेले होते, आणि ती सगळी इंग्रजी पार्सलांवर नावं लिहिण्यात संपून जाणार याचं त्यांना फार वाटायचं.

"स्पोकन इंग्लिशचा क्लास काढतो," ते म्हणाले.

मिस्टरांनी विचारलं, "अहो, इथं कोण येणार?"

"ज्यांना भीती वाटते ते सगळे येतील."

आणि खरंच आले. लूमवरची पोरं आली, एक टेम्पोवाला आला, साडीच्या दुकानात घड्या घालणारे दोघे आले, शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. जमिनीवर पट्ट्या टाकून सगळे बसायचे. वरच्या पायरीवर उजेड चांगला यायचा म्हणून मी फॉलच्या साड्या घेऊन तिथे बसायची. उजेडाचं निमित्त होतं हे सरांना कळत असणार, पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. उलट शिकवताना आवाज थोडा जिन्याकडे टाकायचे.

पहिले काही दिवस कुणी तोंडच उघडेना. चुकलो तर, ही एक भीती. शेजारचा हसला तर, ही दुसरी. हिवाळ्याचे दिवस होते. एकदा सरांनी खिडकीतून बाहेर बोट केलं. मिलच्या चिमण्यांचा धूर आणि धुकं एकमेकांत मिसळून समोरची घरंसुद्धा दिसेनाशी झाली होती.

"याला इंग्रजीत काय म्हणतात?"

पोरं बाहेर बघत राहिली.

"धुराला स्मोक म्हणतात. धुक्याला फॉग. आणि दोन्ही एकदम असेल तर?" त्यांनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, तळहातानं एकाचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं पुसलं आणि उरलेलं जोडलं. "स्मॉग. हा शब्द मी नाही केला, गोऱ्या साहेबानं केला. डिक्शनरीत आहे. म्हणजे बघा, साहेबानंसुद्धा आपली भाषा तोडली आणि जोडली. तार तुटली की तुम्ही लूमवर काय करता?"

"सांधतो," एक जण म्हणाला.

"मग. शब्दाचंही तेच. घाबरायचं नाही. तोडा आणि जोडा."

ते त्यांचं पालुपदच झालं. कुणी अडखळला की "तोडा आणि जोडा". पण त्या दिवशी खरी मजा पुढे झाली. सर एकेकाला विचारत होते, काल रात्री काय जेवलात, वाक्य करून सांगा. सुरेश म्हणून एक लूमवरचा मुलगा होता. तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि मग म्हणाला, "सर, काल रात्री चाच होता. चा आणि पाव."  तिथे बसलेल्यांपैकी बऱ्याच घरांत महिन्याच्या शेवटी तेच असायचं, पण ते कुणी बोलायचं नाही. सरांनी फळ्याकडे तोंड केलं आणि लिहिलं: टी, डिनर. मग मधलं पुसलं. "टीनर," ते म्हणाले. "सुरेशनं काल टीनर घेतला. मी परवा घेतला. अजून कुणी कुणी घेतलाय?"

हात वर होऊ लागले. शिवणाच्या मावशींनी केला, टेम्पोवाल्यानं केला. सगळे हसायला लागले. सुरेशही हसला. मी पायरीवर हातातली सुई तशीच धरून बसले होते. जी गोष्ट सांगताना त्या पोराची मान खाली गेली होती, तीच आता तो मोठ्यानं सांगत होता, केवळ तिला एक नाव मिळालं म्हणून. सरांचा तो गुण होता.

मग शब्द होतच गेले. रात्रपाळीला लूमपाशी उभ्या उभ्या डुलकी लागते, त्याला स्लीप आणि वर्क जोडून 'स्लर्क'. नात्यातले नाहीत पण गावाकडचे, अडीनडीला धावून येणारे, ते फ्रेंड आणि रिलेटिव्ह मिळून 'फ्रेलेटिव्ह'. पोरं हे शब्द कारखान्यात घेऊन गेली. एके दिवशी मिस्टर घरी आले ते हसतच. त्यांच्या लिंबायतच्या शेडमधला ओरिसाकडचा एक कारागीर दुसऱ्याला ओरडत होता, "ए, स्लर्क मत कर, उंगली जाएगी." त्याला बिचाऱ्याला बाविस्कर सर कोण हे ठाऊकसुद्धा नव्हतं. मी ते सरांना सांगितलं. सर जिन्यातच थांबले. पुन्हा सांगायला लावलं. कोण म्हणाला, कसं म्हणाला, समोरच्याला अर्थ कळला का. सांगून झालं तरी ते उभेच होते. माणसाला मुलगा झाल्याची बातमी सांगावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"वहिनी, गोडादऱ्यातला शब्द लिंबायतपर्यंत गेला," ते म्हणाले.

"अहो सर, एक डुलकी ती."

"गेला पण," ते म्हणाले.

कल्पना आली ती त्यानंतर. आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा दिलीप लूमवर होता. माणूस भला, पण कमी बोलणारा. मुलगी रोशनी चार वर्षांची. कल्पनाच्या मनात तिला इंग्लिश मीडियमला घालायचं होतं. शाळेत आधी आईबापाचा इंटरव्ह्यू होतो, आणि तो इंग्रजीत होतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दिलीप म्हणाला होता, "माले जमाव नही. तू शिकी ले." म्हणून ती शिकायला आली. घरी सगळं अहिराणीत चालायचं. मराठीसुद्धा ती जपून बोलायची, मग इंग्रजीचं काय सांगावं. पहिल्या दिवशी ती माझ्याशेजारी पायरीवरच बसली. सर म्हणाले, "आत या." तर म्हणाली, "आठेच बरं शे." दुसऱ्या आठवड्यात आत गेली. बायकांच्या पट्टीवर, भिंतीला टेकून.

तिची एक लकब होती. सरांनी काहीही विचारलं की ती आधी "येस" म्हणायची, मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं "नो" म्हणायची. चहा घेतला? "येस. नो." मुलगी झोपली? "येस. नो." चुकीचं एक तर नसावं म्हणून दोन्ही देऊन टाकायची.

एका संध्याकाळी सरांनी विचारलं, "आर यू हंग्री?" ती म्हणाली, "येस. नो." पोरं हसली. तिची मान खाली गेली. सरांना ते सहन झालं नाही. सुरेशच्या वेळेसारखेच ते लगबगीनं फळ्याकडे वळले. येस लिहिलं, नो लिहिलं, मधलं पुसलं.

"येनो," ते म्हणाले. "कशाला हसता? फार कामाचा शब्द आहे हा. आईला विचारा, जेवलीस का. भांड्यात काय उरलंय ते बघितल्याशिवाय ती सांगेल का? तिचं उत्तर येनो. दमलीस का? येनो. कल्पनाताईंनी आपल्याला एक शब्द दिला."

कल्पनानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती. क्लासमध्ये ती पहिल्यांदाच मोकळी हसली असेल. घरी जाताना मला म्हणाली, "ताई, मना शब्द फळावर लिखा सरनी." तिला फार बरं वाटलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. तो शब्द चांगल्या मनानं केला होता, आणि जिच्यासाठी केला तिनं तो आनंदानं घेतला होता.

क्लासमधले दोघे तिघे सुटल्यावर कोपऱ्यावरच्या चहाच्या लारीवर बसायचे. तिथे इतर पोरं असायची. वेगवेगळ्या कारखान्यांतली, वेगवेगळ्या मुलखांतली, दिवसभर यंत्राच्या आवाजात राहून मोकळी सुटलेली. शब्द तिथे गेला. आणि आईच्या जेवणाचा जो अर्थ सरांनी लावला होता तो वाटेत गळून पडला. राहिलं एवढंच, की एक बाई आहे, ती आधी येस म्हणते आणि मग नो म्हणते. यातून लारीवर बसलेली पोरं काय अर्थ काढतील ते सांगायला नको.

आधी कल्पना रस्त्यानं निघाली की मागून आवाज यायचा, "ए येनो." मग तो कुठल्याही बाईला येऊ लागला. जी बघून न बघितल्यासारखं करते ती येनो, जी हसली ती येनो, जी रागावली तीही येनोच. आमच्या शेजारच्या घरातली दहावीतली मुलगी एक दिवस रडत आली आणि आईला विचारू लागली, "येनो म्हणजे काय?" तिची आई माझ्याकडे आली, कारण शब्द आमच्या माडीवरून निघाला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी काय सांगणार? जेवलीस का, असं विचारलं की आई देते ते उत्तर, असं सांगायचं? 

कल्पनाचं येणं बंद झालं. मी चौकशीला गेले तेव्हा ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आते कसाले येऊ, ताई? रोशनीना पप्पानी बी ऐकं." दिलीप तिला काही बोलला नव्हता. पण त्यानं दोन दिवस तिच्या हातचा डबा नेला नव्हता, आणि तिला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

सरांना हे कळलं आणि त्यांनी एक गोष्ट केली. मला विचारलं असतं तर मी ती करू दिली नसती. ते सरळ लारीवर गेले. मी दळण घेऊन येत होते, म्हणून मला दिसलं. सर उभे होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, आणि बाकावर सात-आठ पोरं.

"तुम्ही एक शब्द वापरता," सर हिंदीत म्हणाले. "तो वापरू नका. तो माझा आहे."

"कौन सा शब्द, सर?" एकानं अगदी साळसूदपणे विचारलं.

सरांनी बाहीचं बटण चाचपलं.

"बताओ ना सर, कौन सा? मालूम हो तो नहीं बोलेंगे."

लारीवाला गुजराती, वयस्कर माणूस. त्याला प्रकार कळला. तो म्हणाला, "बेसो ने साहेब, चा पीओ. छोकरा छे, भूली जशे." पण सर बसले नाहीत. शेवटी त्यांनी तो शब्द उच्चारला. भर रस्त्यात, संध्याकाळच्या गर्दीत, शांतपणे, फळ्यासमोर उच्चारायचे तसाच स्पष्ट. बाकावरच्या सगळ्यांनी एका सुरात तो परत म्हटला. ज्यांनी तोपर्यंत ऐकला नव्हता त्यांनीही ऐकला. सर वळले आणि चालू लागले. माझ्याजवळून गेले, पण त्यांनी मला पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

जूनच्या आधी शाळेचा इंटरव्ह्यू होता. कल्पना गेली. तिनं क्लास सोडला होता तरी गेली. आधी आठवडाभर ती रोज दुपारी माझ्याकडे येऊन जमेल तेवढं पाठ करत होती. माय नेम इज. माय डॉटर्स नेम इज. ते सगळं तिला येत होतं. मला खात्री होती की तिचं काम होणार.

परत आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. रोशनीच्या डोक्यात नव्या रिबिनी होत्या आणि ती भुकेली होती. मी तिला चपाती दिली. कल्पना भिंतीला टेकून खाली बसली.

"काय झालं गं?"

"नाव सांगं. गाव सांगं," ती म्हणाली. "मंग मॅडमनी इचारं, पोरगी स्वतःना हातनी जेवस का. माले समजनं, ताई. पुरं समजनं."

"मग?"

"येस म्हनाले गयी, आन् त्या पोऱ्यासना आवाज उना कानमा. मंग वाटनं, नको, येस नको म्हनाले. पन नो कसं म्हनू? जेवस ना ती. खोटं कसं सांगू?" ती रोशनीकडे बघत होती. पोरगी चपातीचा घास मोडून खात होती. "मॅडमनी तीनदा इचारं. माले काहीच बोलता उनं नही."

यादी लागली तेव्हा रोशनीचं नाव नव्हतं.

हे सरांना मीच सांगितलं. सांगावं की नाही यावर मी फार विचार केला होता. वाटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. बराच वेळ हाताची बोटं एकमेकांत अडकवून, सोडवून, परत अडकवत राहिले.

"मी कल्पनाताईंकडे जाऊन येतो," ते म्हणाले.

मी तिला विचारून आले. ती दारातच म्हणाली, "सरसले सांगा, घर नका येऊ. गल्ली देखी राहिनी." तिचं बरोबर होतं. परका पुरुष तिच्या दारी गेला असता तर त्याचंही काहीतरी झालं असतं. मी सरांना तसंच सांगितलं. त्यांचे कान लाल झाले. माफी मागायला जाण्यातसुद्धा तिचं नुकसान आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "शाळेत जाऊ. तुम्ही याल का बरोबर? मी एकटा पुरुष एका बाईबद्दल बोलायला गेलो तर बरं दिसणार नाही."

आम्ही गेलो. मिस्टरांनीच जा म्हटलं. मुख्याध्यापिका बाईंची केबिन थंड होती. टेबलावर काच, काचेखाली मुलांची चित्रं. बाई वयानं पन्नाशीच्या, सौम्य. सर इंग्रजीत बोलू लागले. मी त्यांना क्लासबाहेर इंग्रजी बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. जुनी, पुस्तकी, पण नीट इंग्रजी. मला सगळं कळलं नाही, पण बोलणं कुठवर आलं ते कळत होतं. त्या आईला उत्तर येत होतं. ती बोलू शकली नाही याचा दोष तिचा नाही, माझा आहे. मी एक शब्द केला होता.

"विच वर्ड?" बाईंनी विचारलं.

सरांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. मग सांगितला. कसा केला तेही सांगितलं, येस आणि नो. पुढे त्याचं काय झालं ते मात्र त्यांना सांगता येईना. "बॉइज... द बॉइज ऑन द रोड..." म्हणून थांबले.

बाईंनी तो शब्द स्वतःशी म्हणून बघितला. एकदा, मग आणखी एकदा. आणि त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. चांगलं काही ऐकल्यावर शिकलेली माणसं हसतात तशा हसल्या. "दॅट्स क्लेव्हर," त्या म्हणाल्या. "यू मेड इट?"

"येस, मॅडम," सर म्हणाले.

मी काचेखालच्या चित्रांकडे बघू लागले. सरांकडे बघवेना. बाई पुढे बऱ्याच सहानुभूतीनं बोलल्या. प्रवेश तर भरले, पुढल्या वर्षी आणा, आम्ही बघू. त्यांनी पाणीसुद्धा मागवलं. सरांनी ते सगळं पिऊन टाकलं, पेला नीट खाली ठेवला आणि उठले.

रिक्षात ते एका टोकाला बसले होते, मी दुसऱ्या. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "त्यांना आवडला, वहिनी."

मी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"मलाही आवडला होता," ते म्हणाले. त्यांनी बाहेर बघतच पुढचं सांगितलं. "मी लारीवर गेलो, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. मिलमधून येत होतो. उधना दरवाजापाशी बस थांबली. खाली दोन पोरं उभी होती, हिंदीत बोलणारी, अनोळखी. एक जण म्हणाला, वो देख, येनो जा रही है. समोरून कुणीतरी मुलगी चालली होती, शाळेतली असेल. मी त्या मुलीकडे बघितलंच नाही. माझ्या मनात आलं, अरे, उधना दरवाजापर्यंत पोचला. मला आनंद झाला, वहिनी. घरी येईपर्यंत मी खुशीत होतो. रात्री डबा उघडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो काय म्हणाला."

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. 

क्लास त्यांनी त्याच आठवड्यात बंद केला. पोरं येऊन विनवत होती. सुरेश दोनदा आला. त्याला एका दुकानात काउंटरवर नोकरी लागणार होती आणि महिनाभर जरी शिकवलं असतं तरी त्याला हवं होतं. सरांनी त्याला खालीच, ओट्यावर बसवून थोडं थोडं शिकवलं. पण फक्त पुस्तकातलं. सुरेशनं एकदा गमतीनं कुठलेसे दोन शब्द जोडले, तर सर म्हणाले, "नको. जे आहेत तेच पुरे आहेत." ते रागावून बोलले नव्हते, तरी सुरेश वरमला. फळा मिस्टरांनी उतरवून सरांना विचारलं, नेता का? ते म्हणाले, कुणाला तरी द्या. शिवणाच्या मावशींनी तो नेला आणि त्यावर कापड बेतायला लागल्या.

पुढे सरांनी पांडेसऱ्याची नोकरी सोडली आणि कामरेजकडच्या एका लहानशा कारखान्यात लागले. कधीमधी गोडादऱ्याला यायचे, सणाला, कुणाच्या आजारपणाला. प्रत्येक वेळी चहा पिताना, मिस्टर आत गेले की, हळूच विचारायचे, "अजून म्हणतात का?"

"नाही हो, सर. कधीच गेला तो."

आणि ते खरंही होतं. वर्षभरातच पोरांना दुसरे शब्द मिळाले. केबल आली होती, त्यावरून रोज नवीन काहीतरी यायचं. ती लारीही हलली होती. दहावीतल्या ज्या मुलीनं रडत आईला अर्थ विचारला होता तिला तर तो शब्द आठवतसुद्धा नव्हता. पण सरांना ते पटायचं नाही. मी त्यांचं मन राखायला सांगते आहे असं त्यांना वाटायचं. मान हलवायचे, कप खाली ठेवायचे आणि जाताना मागच्या गल्लीनं न जाता लांबच्या रस्त्यानं जायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सुरेशच्या लग्नात. वस्तीतल्या मोकळ्या मैदानावर मांडव होता आणि जेवायला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, आपल्या खानदेशाकडची. सुरेशनं सरांना स्वतः कामरेजला जाऊन आमंत्रण दिलं होतं. ते आले, नव्या जोडप्याला आशीर्वाद दिला आणि पंगतीला माझ्या मिस्टरांच्या शेजारी बसले. मी समोरच्या बायकांच्या पंगतीत होते. सर थकलेले दिसत होते, केस बरेच पांढरे झालेले, पण मिस्टरांशी बोलत, बट्टी कुस्करून वरण कालवत होते. पहिला घास त्यांनी घेतला, दुसरा घेतला.

वाढायला आमच्याच वस्तीतल्या बायका होत्या. त्यात कल्पना होती. कमरेला पदर खोचलेला, हातात तुपाचं भांडं, एकेका पानापाशी वाकत ती पंगतीच्या त्या टोकापासून येत होती. रोशनी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत तिसरीत होती. तीही आईच्या मागे मीठ घेऊन हिंडत होती. सरांनी मान वर केली आणि त्यांना त्या दोघी दिसल्या.

त्यांनी हातातला घास पानात ठेवला. मिस्टरांना काहीतरी म्हणाले आणि उठले. भरल्या पानावरून असं कुणी उठत नाही. आजूबाजूच्यांनी बघितलं. सर मात्र खाली बघत, उष्टा हात अंगापासून लांब धरून, आचाऱ्यांच्या चुलींमागून मांडवाच्या बाहेर गेले. डाव्या हातात त्यांनी चपला घेतल्या होत्या. घालायलाही थांबले नव्हते.

कल्पना त्या पानापाशी पोचली. तूप वाढायला वाकली, तर पान भरलेलं आणि माणूस नाही. तिनं मिस्टरांना विचारलं, "आठे कोन बठेल व्हतं?"

"बाविस्कर सर," मिस्टर म्हणाले.

ती वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली आणि मांडवाच्या मागल्या बाजूकडे तिनं पाहिलं. तिथून रस्ता दिसत होता. सर रिक्षाची वाट बघत उभे होते. वरणाचा हात तसाच, पुढे धरलेला.

"उपाशीच गयात?" ती म्हणाली.

 मागून कुणीतरी तुपासाठी हाक मारली. तिनं पुढच्या पानावर तूप वाढलं, मग त्याच्या पुढच्या. पंगतीच्या शेवटापर्यंत ती गेली आणि तिथे भांडं दुसऱ्या बाईच्या हातात देऊन, पाण्याचा तांब्या घेऊन मांडवाच्या मागल्या बाजूला आली. तोपर्यंत रिक्षा आली होती. सर आत बसत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि तिनं हाक मारली नाही.